गाळ समुद्रात सोडण्याआधी त्याचा धोका कसा जोखायचा

माझ्याकडे फाइल येते तेव्हा तिच्यात बहुतेक वेळा एक वाक्य आधीच लिहिलेलं असतं: "सदर गाळ पर्यावरणास हानिकारक नाही." खाली तीन नमुन्यांचा तक्ता, शिक्का, सही. मी तक्त्याकडे नंतर वळते. आधी विचारते की नमुने कुठून काढले, किती खोलवरून काढले आणि कशाने काढले. "वरून, ग्रॅबने" (म्हणजे तळावरचा गाळ उचलणाऱ्या लोखंडी जबड्याने) असं उत्तर आलं की पुढच्या दोन महिन्यांचं काम ठरलं.

मी मूळची रसायनशास्त्राची. गेली २२ वर्षं बंदरांतून आणि जहाजांच्या वाटांतून उपसलेला गाळ तपासते आहे. त्यातला बराच गाळ समुद्रात गेला, थोडा मी अडवला, आणि एकदोन वेळा जो अडवायला हवा होता तो जाऊ दिला. ज्यांच्या टेबलावर अशी पहिलीच फाइल येऊन पडली आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. नियम देशोदेशी वेगळे असतात, ते तुमचे तुम्ही वाचालच. इथे मी कामाची रीत सांगते.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करा. "गाळ घाण आहे का?" हा प्रश्न अर्धवट आहे. पुरा प्रश्न असा: गाळातलं नेमकं काय, कुठल्या वाटेनं, कुणापर्यंत पोचणार? पारा असेल, पण तो कुणाच्या तोंडी जाणार नसेल तर धोका लहान. उलट पाऱ्याचा मागमूस नसलेली स्वच्छ माती जर माशांच्या अंडी घालण्याच्या जागेवर हातभर थराने पडली, तर धोका मोठा. पुढची प्रत्येक चाचणी करताना स्वतःला विचारा, हिच्यातून या तिन्हींपैकी कशाचं उत्तर मिळणार आहे? कशाचंच मिळणार नसेल तर ती चाचणी करू नका, पैसे नमुन्यांवर घाला.

समुद्रात न्यायलाच हवा का

समुद्रात टाकाऊ माल टाकण्याबद्दलच्या १९७२ च्या लंडन कराराची धाटणी "अमुक टाकू नका" अशी होती. १९९६ च्या प्रोटोकॉलने ती उलटी केली: यादीत आहे तेवढंच टाकता येईल, बाकी काहीही नाही. हा प्रोटोकॉल २००६ पासून अमलात आहे आणि त्याच्या यादीत उपसलेला गाळ पहिलाच आहे. म्हणजे मुभा आहे, पण दुसरा मार्ग शोधून पाहिल्याचं दाखवल्यावरच. वाळू असेल तर ती खचणाऱ्या किनाऱ्याला लागते, भरावाला लागते. चिकण गाळसुद्धा खाजणाची झीज भरून काढायला वापरता येतो. हे पर्याय फाइलमध्ये दोन ओळींत उडवून लावलेले असतात: "व्यवहार्य नाही." का नाही, ते लिहायला लावा.

काही गाळ समुद्रात न्यायचाच नसतो. जपानमधल्या मिनामाटाच्या उपसागरात पाऱ्याचं प्रमाण किलोला २५ मिलिग्रॅमच्या वर गेलेला सुमारे १५ लाख घनमीटर गाळ १९७७ ते १९९० या काळात उपसून किंवा जागच्या जागी गाडून टाकला गेला आणि त्यावर ५८ हेक्टर जमीन तयार झाली. रॉटरडॅमने आपल्या दूषित गाळासाठी १९८० च्या दशकात स्लुफ्टर नावाचं बंदिस्त कुंडच बांधलं. दोन्ही ठिकाणी बार्ज, म्हणजे पोट उघडून गाळ सोडणारी होडी, भरून दूर नेऊन ओतणं सोपं होतं. पण ते वड्याचं तेल वांग्यावर काढणं झालं असतं.

आणि ज्या नाल्यातून किंवा कारखान्यातून घाण येते आहे तो तसाच वाहत असेल, तर पुढच्या उपशातही हीच फाइल तुमच्यासमोर येणार. पारा, शिसं, तेल जिथून येतं त्या तोंडाशी काय चाललं आहे, हे पत्रात विचारून ठेवा. उत्तर येईलच असं नाही, पण विचारल्याची नोंद राहते.

गाळाची कुंडली

प्रयोगशाळेला फोन करण्याआधी दोन दिवस जुने कागद आणि जुनी माणसं यांना द्या. मागचा उपसा कधी झाला? वरच्या अंगाला कातडी कमावण्याचे, धातूचा मुलामा देण्याचे कारखाने आहेत का, होते का? तेलाचा धक्का कुठे होता? जहाजं खरवडायची जागा कुठे होती? हे शेवटचं नकाशावर कधीच नसतं. ते क्रेन चालवून निवृत्त झालेल्या माणसाला माहीत असतं. मला आजवरचे सगळ्यात वाईट गाळ अशा माणसांनी बोट दाखवलेल्या जागीच सापडले आहेत.

आणखी एक फरक ध्यानात ठेवा. दरवर्षी साचणारा गाळ उपसणं वेगळं आणि नव्याने तळ खोल करणं वेगळं. नवा खोदकामाचा गाळ कारखाने जन्माला येण्याआधीचा असू शकतो. तो बहुतेक वेळा स्वच्छ निघतो, त्याची काळजी मुख्यतः आकारमानाची. पण त्याच्या डोक्यावरचा हातभर थर मात्र कालपरवाचा असतो. हे दोन थर एकाच नमुन्यात घुसळले, की चांगल्याच्या पोटात वाईट लपतं.

नमुने

किती घ्यायचे? युरोपात रूढ असलेला ठोकताळा मी वापरते. २५ हजार घनमीटरपर्यंत ३ ठिकाणं. १ लाखापर्यंत ४ ते ६. ५ लाखांपर्यंत ७ ते १५. २० लाखांपर्यंत १६ ते ३०. त्यापुढे दर १० लाखांमागे आणखी १०. हे किमान समजा. बंदराचा कोपरा वाकडातिकडा असेल, नाल्याची तोंडं असतील, तर वाढवा. एकसारख्या वाळूच्या वाटेत कमी चालतात.

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण भात एकत्र शिजलेला असतो. गाळ तसा शिजलेला नसतो. दहा मीटरवर त्याचं रूप बदलतं आणि खोलीबरोबर तर बदलतंच. म्हणून जितकं खोल उपसायचं तितका लांब कोर, म्हणजे तळात नळी खुपसून मिळणारा उभा नमुना, काढायचा, त्याच्याही थोडा खाली. ग्रॅबने फक्त वरचा दहा-पंधरा सेंटीमीटरचा थर येतो. तो कालचा असतो.

कोर आला की लगेच बाटल्या भरू नका. प्लॅस्टिकची नळी उभी चिरा, आतला गाळ नायलॉनच्या दोरीने साबण कापावा तसा मधोमध कापा, दोन्ही अर्धे उघडून शेजारी ठेवा आणि पाच मिनिटं फक्त बघा. एक कोर मला अजून आठवतो. वरचे वीसेक सेंटीमीटर पातळ, तपकिरी. खाली शाईसारखा काळा, नासक्या अंड्याच्या वासाचा पट्टा. मग राखाडी, घट्ट. आणि त्या काळ्या पट्ट्याच्या तळाशी विटकरी लाल रंगाची, नखाएवढी एक खपली. चिमट्याने उचलून पाण्यात धुतली तेव्हा दिसलं, तो जहाजाच्या बुडाचा रंग होता.

त्या खपलीत काय असतं ते सांगते. जहाजाच्या बुडाला शेवाळ-शिंपले चिकटू नयेत म्हणून वर्षानुवर्षं ट्रायब्युटिलटिन नावाचं कथिलाचं संयुग रंगात घालत. ते इतकं जहाल, की पाण्यात लिटरमागे एक नॅनोग्रॅमच्या आसपास असलं तरी काही समुद्री गोगलगाईंच्या माद्यांना नराचे अवयव फुटतात आणि वंश खुंटतो. २००१ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार २००८ पासून जहाजांवर त्याला बंदी आहे. पण प्राणवायू नसलेल्या काळ्या गाळात ते वर्षानुवर्षं टिकतं. आणि गंमत अशी, की प्रयोगशाळेत गाळ आधी दोन मिलिमीटरच्या चाळणीतून काढतात. खपली चाळणीवर राहते आणि तिथूनच कचऱ्यात जाते. म्हणून अहवालात "आढळले नाही" असं लिहिलेलं खरंही असतं आणि खोटंही. चाळणीवर राहिलेल्याची वेगळी नोंद मागा.

माझी स्वतःची चूकही याच जातीची. कामाला लागून चार-पाच वर्षं झाली होती. जहाजदुरुस्तीच्या धक्क्यासमोरचा गाळ होता आणि खर्चाला कात्री लागली होती, म्हणून मी पाच कोरांचा गाळ एका बादलीत कालवून एकच नमुना पाठवला. आकडा मर्यादेच्या जरासा खाली आला. मी खूश. परवान्याचा मसुदा टंकून झाला होता तेव्हा प्रयोगशाळेतल्या मदतनिसाने सहज विचारलं, "मॅडम, फ्रीजरमधल्या सुट्या बाटल्या टाकून देऊ का?" देऊ नको म्हटलं, आणि का कोण जाणे, त्या सुट्या तपासायला लावल्या. चार कोर जवळजवळ स्वच्छ होते, पाचव्यात सगळं भरलं होतं. सरासरीने पाचव्याचं पाप चारांत वाटून टाकलं होतं. तो एक कोपरा वेगळा काढून जमिनीवरच्या बंदिस्त जागी न्यावा लागला. तेव्हापासून एकत्र कालवायचं असेल तर एकाच जातीचे, एकाच खोलीचे थर कालवते आणि सुटे नमुने परवाना संपेपर्यंत गोठवून ठेवते.

कणांचा आकार, आणि त्याने होणारी फसगत

सगळ्यात स्वस्त चाचणी कणांच्या आकाराची, आणि सगळ्यात जास्त सांगणारीही तीच. ६३ मायक्रॉन ही सीमारेषा. त्याच्या वर वाळू, खाली पोयटा आणि चिकणमाती. धातू आणि तेलकट विषं बारीक कणांना चिकटतात, कारण त्यांना पृष्ठभाग जास्त असतो आणि सेंद्रिय पदार्थही त्यांच्याच संगतीत असतात.

आता हा हिशोब बघा. पहिल्या नमुन्यात तांबं किलोला ३० मिलिग्रॅम, बारीक कण १५ टक्के. दुसऱ्यात तांबं ६० मिलिग्रॅम, बारीक कण ९० टक्के. तक्ता वाचणारा म्हणेल, पहिला चांगला, दुसरा वाईट. पण तांबं बारीक कणांवरच आहे असं धरून भागाकार करा: पहिल्याच्या बारीक कणांवर २०० मिलिग्रॅम, दुसऱ्याच्या ६७. पहिल्यात घाण जास्त आहे, फक्त वाळूने पातळ केली आहे. आणि समुद्रात टाकल्यावर ही वाळू सोबत राहत नाही. वाळू खाली बसते, बारीक कण प्रवाहाबरोबर निघतात. शेजाऱ्याच्या दारात पोचतो तो २०० वाला माल.

या भागाकाराला मर्यादा आहेत. बारीक कण दहा टक्क्यांच्या खाली असतील तर उत्तर फुगतं, आणि रंगाच्या खपल्या असतील तर गृहीतकच कोसळतं. जिथे जमतं तिथे ॲल्युमिनियम किंवा लिथियमशी तुलना करा, कारण ते मातीच्या खनिजातच असतं. त्यावरून कळतं की धातू खडकातून आला की माणसाच्या हातून. काही खडकांच्या मातीत निकेल आणि क्रोमियम मुळातच भरपूर असतं. ते पाहून घाबरणारे आणि त्याच सबबीवर सगळंच खपवणारे, दोघेही मी पाहिले आहेत.

दोन रेषांच्या मधला प्रदेश

बहुतेक देशांत दोन पातळ्या ठरलेल्या असतात. खालच्या पातळीच्या खाली असेल तर रसायनांची फार काळजी नको, वरच्या पातळीच्या वर असेल तर समुद्र विसरा. तुमच्याकडे अशा पातळ्या नसतील तर अंदाजासाठी १९९५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी मांडलेले आकडे कामी येतात. ज्या अभ्यासांत जीवांवर परिणाम दिसला त्यांतले आकडे चढत्या क्रमाने लावून त्यांनी दहावा आणि पन्नासावा शतमक काढला. किलोला मिलिग्रॅममध्ये: पारा ०.१५ आणि ०.७१, कॅडमियम १.२ आणि ९.६, तांबं ३४ आणि २७०, शिसं ४६.७ आणि २१८. वरच्या उदाहरणातला तीस मिलिग्रॅमवाला पहिला नमुना ३४ च्या खाली आरामात पास होतो, हे पाहिलंत ना?

हे आकडे उत्तीर्ण-अनुत्तीर्णाचे नाहीत. खालच्या रेषेखाली अपाय क्वचित दिसला आणि वरच्या रेषेवर वारंवार दिसला, एवढंच ते सांगतात. आणि खरं सांगायचं तर जवळजवळ प्रत्येक फाइल दोन रेषांच्या मधेच असते. सोप्या फाइली माझ्यापर्यंत येतच नाहीत.

मधल्या प्रदेशात पहिला प्रश्न असा, की धातू आहे, पण तो सुटा आहे का? काळ्या, वासाच्या गाळात जस्त, शिसं, कॅडमियम गंधकाशी घट्ट बांधलेलं असतं आणि किड्यांना फारसं लागत नाही. प्रयोगशाळा आम्लाने सुटणारं सल्फाइड आणि त्याबरोबर सुटणारे धातू मोजून देते. सल्फाइड जास्त निघालं तर धातू बांधलेले आहेत असं धरता येतं. पण ही गाठ प्राणवायू नसेपर्यंतच. गाळ ढीग करून शांत तळाशी राहिला तर आतला भाग काळाच राहील. लाटांनी तो पुन्हा पुन्हा उधळत राहिला तर गाठ सुटत जाईल. म्हणजे एकच गाळ एका जागी निभावतो आणि दुसऱ्या जागी निभावत नाही. रसायनाचा अहवाल जागा न ठरवता वाचणाऱ्यांना मी हेच सांगत असते.

जिवंत साक्षीदार

यंत्र शंभर रसायनं मोजतं, गाळात हजार असतात. म्हणून गाळात जीव सोडून बघायचं. नेहमीची चाचणी ॲम्फिपॉडची. हे कोळंबीच्या कुळातले, काही मिलिमीटरचे, गाळात बीळ करणारे जीव. एका काचपात्रात २०, अशी ५ पात्रं, १० दिवस. शेजारी तसाच संदर्भ-गाळ, म्हणजे टाकण्याच्या जागेजवळचा पण तिथल्या कामाची झळ न लागलेला, आणि एक नियंत्रणाचा, म्हणजे स्वच्छ असल्याची खात्री असलेल्या गाळाच्या पात्रांचा संच. नियंत्रणात ९० टक्के जगले नाहीत तर चाचणीच बाद. तपासणीच्या गाळात संदर्भापेक्षा २० टक्क्यांहून जास्त मेले आणि तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवरही टिकला, तर गाळ विषारी समजायचा.

एकदा एका गाळात निम्म्याहून जास्त मेले. धातू कमी, तेल कमी, कीटकनाशकं जवळजवळ नाहीत. सगळे चक्रावले. मी पात्रातलं कणांमधलं पाणी काढून अमोनिया मोजायला लावला, तो भलताच होता. कुजणाऱ्या सेंद्रिय गाळात अमोनिया तयार होतो आणि बंद पात्रात तुंबून राहतो. समुद्रात तो काही तासांत विरून जातो. मग वरचं पाणी रोज बदलत अमोनिया उतरवला आणि नव्याने जीव सोडले. या वेळी मेलेल्यांची संख्या संदर्भाच्या आसपास आली. तेव्हापासून पहिल्या दिवशी अमोनिया मोजल्याशिवाय मी चाचणी सुरूच होऊ देत नाही. मात्र हेच कारण पुढे करून नको तो निकाल पुसण्याची सवयही काहींना लागते. पाणी बदलताना अमोनियाबरोबर दुसरंही काही धुऊन जाऊ शकतं. धुण्याआधीचा आणि नंतरचा, दोन्ही निकाल फाइलमध्ये राहू द्या.

पाण्याच्या बाजूची तपासणी वेगळी. एक भाग गाळ, चार भाग पाणी, अर्धा तास जोरात ढवळायचं, तासभर बसू द्यायचं, वरचं पाणी काढून त्यात माशांची पिलं किंवा शिंपल्यांचे डिंभ ठेवायचे. बार्जचं पोट उघडल्यावर पाण्यात काय सुटेल त्याची ही घरगुती नक्कल. अमेरिकेच्या नियमात, टाकल्यावर चार तासांनी पातळ होऊन उरलेलं प्रमाण विषारी ठरलेल्या प्रमाणाच्या शंभराव्या भागाच्या आत असावं लागतं.

पीसीबी (जुन्या विद्युत उपकरणांच्या तेलातली क्लोरीनची संयुगं) किंवा पारा यांसारखी अन्नसाखळीत चढणारी विषं असतील तर किती मेले हे मोजून काही कळत नाही. त्यांत कोणी लगेच मरत नाही. तिथे गाळ खाणारा शिंपला आणि वळवळणारा वाळूतला किडा २८ दिवस गाळात ठेवून त्यांच्या मांसात काय साचलं ते मोजतात. पीसीबीसारखं चरबीत मुरणारं विष २८ दिवसांतही पूर्ण भरलेलं नसतं, म्हणून आकडा आला तो तळ समजा, छत नव्हे.

जागा

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, आणि अर्जदार सगळ्यात कमी.

आधी ठरवा, गाळ तिथेच राहावा अशी तुमची इच्छा आहे की पसरून जावा अशी? दोन्हींना जागा वेगळ्या लागतात. स्वच्छ वाळू असेल तर उधळणारी जागा चालते, कधीकधी तीच बरी, वाळू पुन्हा किनाऱ्याच्या चक्रात येते. थोडा दूषित, चिकण गाळ असेल तर तो हलता कामा नये. तळ हलतो की नाही याची ढोबळ परीक्षा कागदावर होते. खोल पाण्यातल्या लाटेची लांबी मीटरमध्ये साधारण १.५६ गुणिले तिच्या कालावधीच्या सेकंदांचा वर्ग. आठ सेकंदांची लाट म्हणजे १०० मीटर लांब. तिचा हात अर्ध्या लांबीइतक्या खोलीपर्यंत पोचतो, म्हणजे ५० मीटर. तुमची "शांत" जागा ३० मीटर खोल असेल तर वादळात ती शांत राहणार नाही. अर्जात हवामानाची वार्षिक सरासरी दिलेली असते. तुम्ही वादळाचे आकडे मागा.

मग गाळ खाली कसा जातो ते बघा. बार्जचं पोट उघडलं की माल सुट्या कणांसारखा पडत नाही. तो एका गोळ्यासारखा, पाणी ओढून घेत खाली झेपावतो, तळावर आदळतो आणि वर्तुळात पसरतो. यातला बहुतेक भाग काही मिनिटांत तळाला लागतो. वाटेत सुटून पाण्यात राहणारा भाग साधारण एक ते पाच टक्के. पण हाच भाग सगळ्यात बारीक कणांचा. २० मायक्रॉनचा एकटा कण सेकंदाला ०.३६ मिलिमीटर उतरतो. २० मीटर खोल जायला त्याला पंधरा तास लागतात. तेवढ्यात भरती-ओहोटी दोनतीनदा पालटते, आणि प्रवाहाचा वेग सेकंदाला ०.३ मीटरपर्यंत जात असेल तर एका फेरीत तो कण चारेक किलोमीटर लांब जाऊन येतो. खाऱ्या पाण्यात चिकण कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात आणि लवकर बसतात, ही जमेची बाजू. तरी नकाशावर जागेभोवती चार किलोमीटरचं वर्तुळ काढा आणि त्यात काय काय येतं ते बघा: प्रवाळ, समुद्री गवत, शिंपल्यांची शेती, पाणी खेचणारा प्रकल्प. वर्तुळात प्रवाळ आलं तर ऋतूही बघा. अंडी सोडण्याच्या दिवसांत काम बंद ठेवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

थराची जाडी काढायला भागाकार पुरतो. २ लाख घनमीटर गाळ एक चौरस किलोमीटरवर सारखा पसरला तर २० सेंटीमीटर. अर्धा किलोमीटर बाजूच्या चौकोनात तोच ८० सेंटीमीटर. बिळं करणारे बरेच जीव काही सेंटीमीटर, काही जाती त्याहून जास्त गाळातून वर येतात. चिकटून राहणारे येत नाहीत. आणि जिथे वाळू आहे तिथे वाळू टाका, चिखलात चिखल. वाळूच्या तळावर चिखल टाकला तर तिथे पुन्हा जीव येतील, पण ते आधीचे नसतील.

हे सगळं नंतर निस्तरता येतं असं कुणाला वाटत असेल तर न्यू यॉर्क बंदराबाहेरची मड डंप साइट आठवा. दीर्घ काळ तिथे गाळ टाकला गेला, १९९७ मध्ये ती बंद केली, आणि मग त्या परिसरावर किमान एक मीटर स्वच्छ गाळ पांघरण्याचं काम हाती घ्यावं लागलं.

अंदाज असा लिहा की तो खोटा ठरू शकेल

लंडन प्रोटोकॉलच्या पद्धतीत या टप्प्यावर परिणामाचं गृहीतक लिहायचं असतं. बहुतेक अहवालांत ते असं येतं: "परिणाम स्थानिक व तात्पुरता राहील." या वाक्याला कुणीही, कधीही, कुठल्याही पुराव्याने खोटं पाडू शकत नाही. म्हणून ते निरुपयोगी आहे. मी परत पाठवते आणि नमुना म्हणून असं काहीतरी देते: "काम संपल्यावर १२ महिन्यांनी, हद्दीबाहेर ५०० मीटरवरच्या चार ठिकाणी नव्या गाळाचा थर २ सेंटीमीटरपेक्षा जास्त नसेल, आणि तिथल्या तळजीवांच्या जातींची संख्या संदर्भ-ठिकाणांच्या नेहमीच्या चढउतारात असेल." आता बोट जाऊन मोजून सांगू शकते, बरोबर होतं की चूक. चूक निघालं तर काय करायचं, तेही त्याच पानावर: थांबायचं, जागा हलवायची की खेपा कमी करायच्या.

या वाक्यामुळे काम सुरू होण्याआधी मोजमाप करणं आपोआप भाग पडतं. आधीचं चित्र नसेल तर नंतरच्या चित्राला काही अर्थ नाही. संदर्भ-ठिकाणं किमान दोन ठेवा, एकावर कुणी जाळं ओढून गेलं तर सगळी तुलना बुडते.

नंतरच्या पाहणीत मला सगळ्यात आवडणारं हत्यार म्हणजे तळात घुसणारा कॅमेरा. काचेची खिडकी असलेलं पाचरीसारखं टोक गाळात शिरतं आणि गाळाचा उभा छेद टिपतं. वरचा तपकिरी, प्राणवायूचा थर किती जाड आहे, खाली काळं कुठे सुरू होतं, बिळं किती खोल गेली आहेत, हे एका फोटोत दिसतं. नव्या गाळावर आधी कॅपिटेलासारखे बारीक, दाटीवाटीने राहणारे किडे येतात. खोल बिळांचे मोठे जीव मागून येतात. पहिल्या फोटोत किड्यांची गर्दी पाहून "जीवन पूर्ववत" असं लिहून मोकळे होऊ नका. ते फक्त पहिले भाडेकरू.

परवान्यात अटी मोजक्या आणि मोजता येणाऱ्या ठेवा. प्रत्येक खेपेची जागा आणि वेळ, पोट उघडल्याची नोंद, आणि ड्राफ्ट, म्हणजे जहाज पाण्यात किती बुडालं आहे ते, मिनिटामिनिटाला. ड्राफ्टची अट मी एका रात्रीनंतर घालू लागले. एका कंत्राटदाराच्या बार्ज ठरल्या जागी जाऊन येत असल्याचे कागद रोज वेळेवर येत होते. खेपा मात्र वाजवीपेक्षा लवकर संपत होत्या. नोंदी मागवल्या तर एका बार्जचा ड्राफ्ट हद्दीच्या दीड किलोमीटर अलीकडेच उतरलेला. सेन्सर बिघडला आहे, असं उत्तर आलं. मग आम्ही तळाचं सोनार सर्वेक्षण केलं. हद्दीच्या बाहेर, बंदराच्या दिशेने, एका ओळीत अकरा ढीग होते.

आता माझ्या परवान्यात एक अट असते: ड्राफ्टची नोंद जोडली नाही तर ती खेप मोजणीत धरली जाणार नाही. पुढच्या हंगामात त्या बार्जचा सेन्सर एकदाही बिघडला नाही.